यक्षाने नगर जाळलं, पण शर्वरीला कुणी विचारलं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुमच्या कादंबरीत चारशे वर्षं जगलेला एक यक्ष आहे. शर्वरी नावाच्या वैद्यीणबाईवर त्याचा जीव जडतो. तिला पळवू पाहणाऱ्या राजाचं अख्खं नगर तो एका रात्रीत जाळून टाकतो. खर्डा वाचलेल्या तिघांनीही तुम्हाला सांगितलं, "हे प्रेम वाटत नाही, वासना वाटते." तुम्ही गोंधळलात, कारण साऱ्या खर्ड्यात यक्षाने शर्वरीचा हातसुद्धा धरलेला नाही. मग वासना आली कुठून, आणि फँटसीतल्या पात्रांमध्ये प्रेम आणि वासना यांतला फरक दाखवायचा कसा?

गेली वीसेक वर्षं मी फँटसीची हस्तलिखितं वाचते, लेखकांसोबत बसून दुरुस्त करते. तुमच्या तिघा वाचकांनी नस बरोबर पकडली आहे, शब्द मात्र घाईत वापरला. 'वासना' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त शरीर येतं, आणि पाठोपाठ नाक मुरडणं. खरं तर या एका भावनेसाठी मराठीकडे केवढे शब्द आहेत! ओढ लागते, मोह पडतो, हाव सुटते. हव्यास मात्र माणूस स्वतःहून धरतो. ओढ लागण्यात कुणाचा दोष नसतो, ती लागते. हव्यासात पात्राचा स्वतःचा हात असतो. तुमच्या यक्षाला पहिल्या प्रकरणात ओढ लागली आणि अकराव्या प्रकरणात त्याने हव्यास धरला. मधल्या नऊ प्रकरणांत काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. वाचकांना खटकलं ते हे.

आता फँटसीपुरता मुद्दा. वास्तववादी कादंबरीतला नायक कितीही झुरला तरी समोरच्या माणसाचं मन त्याच्या हातात नसतं. तो पत्रं लिहील, वाट पाहील, फार तर खोटं बोलेल. फँटसीत मात्र मन हातात येऊ शकतं. काढा पाजता येतो, मंत्र टाकता येतो, रूप बदलता येतं, आठवणी पुसता येतात. म्हणजे न विचारता मिळवण्याची सोय लेखकाने स्वतःच पात्राच्या हातात ठेवलेली असते. ती सोय समोर असताना पात्र काय करतं, ते मी प्रत्येक हस्तलिखितात सगळ्यात आधी बघते. समोरच्याच्या 'नाही'ला कथेत जागा आहे का? 'नाही' म्हटल्यावर काय होतं?

हॅरी पॉटरच्या सहाव्या पुस्तकात (२००५) अमॉर्टेन्शिया नावाचा प्रेमकाढा आहे. त्याबद्दल शिकवताना प्राध्यापक स्लगहॉर्न वर्गाला स्पष्ट सांगतात की या काढ्याने प्रेम निर्माण होत नाही, नुसतं वेड लागतं, आणि म्हणून खोलीतला सगळ्यात घातक काढा तोच आहे. पण त्याच पुस्तकात याहून खोल एक जागा आहे. कथेतला मुख्य खलनायक व्होल्डेमॉर्ट, त्याची आई मेरोपी हिने टॉम रिडल नावाच्या तरुणाला काढा पाजून नवरा केलं. पुढे कधीतरी तिने काढा देणं थांबवलं, असा जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याचा तर्क आहे. एव्हाना त्याचं आपल्यावर खरंच प्रेम बसलं असेल, निदान पोटातल्या बाळासाठी तरी तो थांबेल, अशी तिची आशा असावी. टॉम निघून गेला. आधी तिने त्याच्यावर अन्याय केला होता, तो पुसला जात नाही. पण काढ्याची वाटी तिने खाली ठेवली तेव्हा पहिल्यांदाच तिला टॉमचं उत्तर हवं होतं. तोपर्यंत तिला टॉम हवा होता. हा फरक दाखवायला लेखिकेला मोजके परिच्छेद पुरले.

'सौंदर्यवती आणि पशू' ही गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, पण तिच्या दोन जुन्या फ्रेंच आवृत्त्या शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. १७४० साली मादाम द व्हिलनव्ह यांनी ती लिहिली तेव्हा पशू रोज रात्री त्या मुलीला सरळ विचारतो, माझ्यासोबत शय्येवर येशील का? १७५६ साली मादाम द बोमाँ यांनी तरुण मुलींसाठी ती गोष्ट आटोपशीर केली आणि प्रश्न बदलला: माझ्याशी लग्न करशील का? पहिल्या प्रश्नात वासना उघड आहे, दुसऱ्यात ती सभ्य पोशाखात आहे. तरी दोन्ही आवृत्त्यांत गोष्टीचा जीव शाबूत राहतो, कारण दोन्हींत पशू विचारतो, ती रोज 'नाही' म्हणते, आणि त्या 'नाही'ची शिक्षा तिला कधी मिळत नाही. ज्याच्या पंजात तिला फाडून टाकायची ताकद आहे, तो निमूट उठून जातो. पुढे तिला घरी जावंसं वाटतं, तेव्हा ती परत आली नाही तर आपण मरू हे ठाऊक असूनही तो तिला जाऊ देतो. मुळात ती बापाच्या जिवाच्या बदल्यात तिथे आलेली असते, हा त्या कथेवरचा डाग आहे आणि तो मी कधी झाकत नाही. पण रोजच्या त्या प्रश्नाने आणि शेवटच्या त्या मोकळ्या दाराने पशू हळूहळू प्रेमाच्या बाजूला सरकतो. शय्येचा प्रश्न विचारणारा पशूही प्रेम करू शकतो आणि हातसुद्धा न धरणारा यक्ष हव्यासात अडकू शकतो, तो असा.

आता तुम्ही पाठवलेला उतारा बघू. अकराव्या प्रकरणात यक्ष शर्वरीबद्दल वडाशी बोलतो, नदीशी बोलतो, स्वतःशी तर पानभर बोलतो. शर्वरीशी तो तीन वाक्यं बोलतो आणि त्यांत प्रश्न एकही नाही. झऱ्याकाठचा प्रसंग असा आहे:

"शर्वरी झऱ्यावर वाकली. तिच्या मोकळ्या केसांतून चांदणं ओघळत होतं. यक्षाला वाटलं, चारशे वर्षं आपण या एका क्षणासाठी जगलो. ही माझी आहे. हिला कुणी बोट लावलं तर पृथ्वी पेटवीन."

भाषा चांगली आहे तुमची. पण यक्षाला दिसतं ते सगळं एखाद्या मूर्तीतही दिसलं असतं: केस, चांदणं. शर्वरी तिथे काय करायला आली आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मी तोच प्रसंग असा लिहून पाहिला:

"शर्वरी झऱ्यावर वाकली आणि हातातली मुळी धुऊ लागली. धुतली, वास घेतला, पुन्हा धुतली. तिसऱ्यांदा वास घेऊन तिने ती फेकून दिली आणि नवी उकरायला बसली. केस सारखे डोळ्यांवर येत होते, मातीच्या हाताने ती ते मागे सारत होती. कपाळावर मातीची रेघ उमटली. यक्षाला ठाऊक होतं, तिला हवी ती मुळी टेकडीपलीकडे उगवते. सांगितलं तर ती आत्ता उठून जाईल. न सांगितलं तर रात्र होईपर्यंत इथेच उकरत बसेल, आणि त्याला ती रात्रभर दिसत राहील. बराच वेळ तो गप्प राहिला. मग त्याने टेकडीकडे बोट दाखवलं."

यात ओढ कुठेही कमी झालेली नाही. उलट तो गप्प राहिला त्या 'बराच वेळ'मध्ये ती तुमच्या उताऱ्यापेक्षा जास्त आहे. कपाळावरची मातीची रेघ त्याला दिसली आहे, म्हणजे शरीरही तिथे आहेच. पण त्याच्या नजरेत आता तिचं काम आलं, तिची अडचण आली, तिच्या हवंनकोपणाला वजन आलं. आपलं हवं आणि तिचं हवं एकमेकांच्या आड आल्यावर तो काय करतो, ते एका बोटात दिसलं. आणि तो अगदी गप्प राहिला असता तरी माझी हरकत नव्हती. मग तो हव्यासाचा प्रसंग झाला असता, वाचकाला तसा नीट कळला असता, आणि पुढे शर्वरीला ते समजल्यावरचं एक जबरदस्त प्रकरण तुमच्या हाती आलं असतं.

कुठल्या तपशिलावर नजर ठरते, याचं मला सापडलेलं सगळ्यात सुंदर उदाहरण महाभारताच्या वनपर्वात आहे. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम चौघेही नळाचं रूप घेऊन बसतात. समोर पाच नळ. रूप हेच प्रेमाचं कारण असतं तर पाचांतला कुठलाही चालला असता, देव तर अधिकच उजवे. दमयंती देवांनाच विनवते की तुमची खरी चिन्हं दाखवा. मग तिला दिसतं, चौघांना घाम नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, गळ्यातल्या माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत, सावली पडलेली नाही. पाचव्याला घाम आहे, अंगावर धूळ आहे, माळ सुकली आहे, सावली आहे. ती त्याच्या गळ्यात माळ घालते. देवांना हवी होती रूपवती राजकन्या. तिला हवा होता घाम येणारा, म्हातारा होणारा, मरणारा एक ठरावीक माणूस. अमर पात्र आणि मर्त्य पात्र समोरासमोर आणणाऱ्या प्रत्येक लेखकाने हा प्रसंग एकदा मुळातून वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमचा यक्ष अमर आहे, म्हणून ययातीचीही आठवण ठेवा. खांडेकरांच्या कादंबरीमुळे (१९५९) हा राजा मराठी वाचकाच्या घरचाच झाला आहे. शुक्राचार्यांच्या शापाने त्याला अकाली म्हातारपण येतं, तो पाच मुलांकडे तारुण्य मागतो, चौघे नकार देतात, धाकटा पुरू ते देतो. आदिपर्वात ययाती हजार वर्षं भोग घेतो आणि शेवटी कबूल करतो की तुपाने आग भडकावी तशी उपभोगाने इच्छा वाढतच जाते. सगळे या कबुलीजबाबावर थांबतात. मला पुरूच्या पांढऱ्या झालेल्या केसांपाशी थांबावंसं वाटतं. हौस बापाची, किंमत मुलाने मोजलेली. आता तुमच्या जळत्या नगराकडे या. यक्ष शर्वरीसाठी 'काहीही करायला' तयार आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. या काहीहीमध्ये त्याच्या पदरचं काय गेलं? घरं दुसऱ्यांची जळली. टोल्कीनच्या कथांतल्या लूथिएन आणि आर्वेन या एल्फ स्त्रियांनी मर्त्य माणसांवरच्या प्रेमासाठी स्वतःचं अमरत्व सोडलं, मोजायची ती किंमत स्वतःच्या गाठीची मोजली. तुमच्या यक्षाने दुसऱ्याच्या खिशातून मोजली, आणि तुम्ही त्याखाली 'प्रेम' लिहिलंत.

इथे एक गैरसमज होऊ देऊ नका. इच्छा म्हणजे खलनायकी आणि प्रेम म्हणजे सज्जनपणा, अशी वाटणी केली की पात्रं पुठ्ठ्याची होतात. टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या तिसऱ्या खंडातली (१९५५) राजघराण्यातली तरुणी एओविन बघा. तिला पुढे राजा होणारा योद्धा अ‍ॅरागॉर्न हवा असतो, अगदी जीव द्यायची वेळ येईपर्यंत. तिच्यात वाईट काहीच नाही. अ‍ॅरागॉर्नला मात्र कळलेलं असतं की तिचं प्रेम आपल्या सावलीवर आहे, आपल्यासोबत येणाऱ्या कीर्तीवर आणि दूरच्या मोठ्या पराक्रमांवर आहे. कोंडलेल्या घरातून बाहेर काढणारा दरवाजा तिला त्याच्यात दिसला. पुढे तिच्यावर प्रेम करणारा फॅरामिर तिला हे तोंडावर सांगतो, पण तिची कीव न करता. ती त्याच्याकडे वळते ती अशी कुणीतरी पहिल्यांदाच नीट ओळखलं म्हणून. आणि तेव्हा ती म्हणते की यापुढे मी रोगी बरे करीन, उगवणाऱ्या गोष्टींवर जीव लावीन. इच्छेतून तिला स्वतःची भूक कळली, हे त्या इच्छेचं देणंच म्हणायचं. अशा प्रामाणिक, चुकीच्या जागी लागलेल्या ओढीला फँटसीत फार कमी लेखक न्याय देतात.

आणि एकच पात्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना दाखवायचं असेल तर हॅरी पॉटरमधला शिक्षक स्नेप बघा. त्याच्या प्रेमावर वाचक अजून भांडतात, आणि भांडणं योग्यच आहे. सातव्या पुस्तकात (२००७) आपल्याला कळतं की त्याचा जिच्यावर जीव होता त्या लिलीचं, म्हणजे हॅरीच्या आईचं, कुटुंब मारलं जाणार हे समजल्यावर त्याने व्होल्डेमॉर्टकडे फक्त लिलीचा जीव मागितला. नवरा मरो, मूल मरो, ती वाचावी. डंबलडोरला हे ऐकून किळस येते आणि तो तसं बोलूनही दाखवतो. तेव्हा स्नेप म्हणतो, मग सगळ्यांनाच लपवा. बदल्यात काय देशील, असं विचारल्यावर तो म्हणतो, काहीही. लिलीला तिचं मूल हवं आहे, म्हणजे लिली वाचायची तर मूल वाचायला हवं, हे त्याला पहिल्या मागणीत सुचलंच नव्हतं. दुसऱ्यांनी हिणवल्यावर सुचलं. पुढची सगळी वर्षं तो त्या मुलाचा जीव सांभाळतो आणि तरी त्याला आवडून घेऊ शकत नाही. म्हणून माझ्या मते स्नेप पूर्ण पलीकडे कधीच पोचला नाही, पण चालत राहिला. अर्धवट अंतर कापलेलं पात्र लिहायची हिंमत ठेवा. तुमच्या यक्षाला ते शोभेल.

एक चूक माझी सांगते, कारण ती तुम्ही करायला निघाला आहात असं तुमच्या शेवटच्या ओळीवरून वाटतं. तुम्ही विचारलंय की यक्षाच्या मनातली सगळी लालसा काढून टाकू का. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तरुण लेखिकेला मी हाच सल्ला दिला होता. तिची जलपरी एका नावाड्यासाठी तळमळायची, त्याच्या अंगाचा वास लाटांमध्ये शोधायची. मी म्हटलं, एवढं नको, प्रेम उदात्त राहू दे. तिने ऐकलं. दुसरा खर्डा आला तेव्हा जलपरी नावाड्यासाठी सगळं करत होती, पण का करत होती तेच कळेना. परोपकारी संस्थेचं काम केल्यासारखं वाटत होतं. सुदैवाने तिने माझं ऐकणं सोडलं आणि तो वास परत आणला. जलपरी त्याला पाण्यात ओढू शकत होती आणि ओढत नव्हती, हे त्या वासाशिवाय दिसणारच नव्हतं. ओढायची इच्छाच नसेल तर न ओढण्यात काय विशेष?

जन्मजन्मांतरीच्या किंवा नियतीने बांधलेल्या जोड्यांबद्दल थोडंसं, कारण तुमच्या यक्षाच्या मनगटावरही ती चमकणारी खूण आहे. अशी खूण कथेला लागलेली कीड ठरू शकते. खुणेनेच ठरवलं असेल तर विचारायचं काय उरलं? खूण ठेवायचीच असेल तर तिच्याकडून फक्त ओढीचं काम करून घ्या. ती दोघांना एका झऱ्यावर आणेल, छातीत धडधड आणेल. होकार मात्र तिला आणू देऊ नका. खूण पुसली गेल्यावर दोघं एकमेकांकडे कसे बघतात, असं एक पान लिहून बघा, कादंबरीत घेतलं नाही तरी चालेल. त्या पानावर दोघांना बोलायला काहीच सुचलं नाही, तर तुमच्याकडे अजून प्रेमकथा नाही.

चारशे वर्षांच्या यक्षापुढे पंचविशीची शर्वरी, हे वयाचं आणि ताकदीचं अंतर वाचकाला जाणवणारच. ते लपवता येत नाही. शर्वरीला असं काहीतरी द्या जे त्याला येत नाही आणि त्याला तिच्याकडून शिकावं लागेल. वैद्यकी तुमच्याकडे आयती आहे.

आणि ती आग. ती काढू नका. तुमच्या खर्ड्यातली सगळ्यात खरी गोष्ट तीच आहे, फक्त तिच्यानंतर तुम्ही सरळ पौर्णिमेच्या रात्रीवर उडी मारलीत. मधली सकाळ लिहा. शर्वरी वैद्यीण आहे. नगर जळाल्यावर ती यक्षाच्या मिठीत जाणार नाही, वेशीपाशी ओळीने झोपवलेल्या भाजलेल्या माणसांकडे जाईल. कोपरापर्यंत लेप माखलेला, आवाज बसलेला, लहान मुलं आधी, म्हातारी नंतर. पाणी संपेल. यक्ष विहिरीवरून घडा भरून आणेल, कारण एवढं तरी त्याला सुचेलच. ती वर बघणार नाही. म्हणेल, "ठेव, आणि जा." तो घडा ठेवतो का, ठेवल्यावर जातो का, आणि जाताना दुसरा रिकामा घडा उचलतो का, तेवढं लिहा आणि मला पाठवा. बाकीच्या प्रकरणांचं आपण त्यानंतर बघू.